साधेपणा कोणाचा?

प्रिय मुली,

तुझ्या लेखाच्या स्पॅनिश अनुवादाचं पान काल दोनदा वाचलं. सातव्या ओळीत ‘आजीचा साधेपणा’साठी तू चार स्पॅनिश शब्द लिहिलेस, मध्ये तिरप्या रेघा मारल्यास आणि समासात विचारलंस, ‘मॅडम, यातला बरोबर कुठला?’ सेन्सियेस, सिंप्लिसिदाद, सिंप्लेसा, उमिल्दाद. चारही कोशात आहेत. पण तुझा प्रश्नच मला पटला नाही. शब्दाचं नंतर बघू. आधी साधेपणा कोणाचा, ते सांग.

एखाद्या यंत्राच्या रचनेचा असेल तर सिंप्लिसिदाद खुशाल घाल, तिथे गुंतागुंत नाही एवढंच म्हणायचं असतं. माणसाला तो लावलास तर भाबडेपणाची छटा येऊ शकते. उमिल्दाद म्हणजे नम्रता. पण एखाद्या घराला ‘उमिल्दे’ म्हटलं की वाचणाऱ्याला ते गरिबाचं घर वाटतं. तुझ्याच लेखात आजीच्या नावावर बागायत आहे, मग गरिबी कुठून आली? कोणाचा ते बघितलं नाहीस, म्हणून आली.

सिंप्लेसाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तो शब्द माझ्या हातून गेलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणपुस्तिकेचा मी अनुवाद केला. संस्था उभारणाऱ्या बाई नुकत्याच वारल्या होत्या. त्यांच्या साधेपणाला मी सिंप्लेसा म्हटलं. पुस्तिका छापून आली, वाटून झाली. मग स्पेनहून आलेल्या एका वृद्ध पाहुण्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून मला हळूच विचारलं, ‘बाई जरा मंद होत्या का?’ स्पेनमध्ये सिंप्लेसा म्हणजे खुळेपणा, नाहीतर क्षुल्लक गोष्ट. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या बाईला मी तिच्या मरणानंतर खुळी ठरवलं होतं.

तेव्हा मी वाद घातला. चिली, अर्जेंटिनाकडच्या लिखाणात हा शब्द कौतुकानंही येतो, तो मी तिथेच वाचला होता, असं म्हणाले. ते खरंच आहे, आजही म्हणेन. मी शब्द हवेतून उचलला नव्हता. पण वाचणारा चिलीचा नव्हता आणि साधेपणा त्या बाईंचा होता. या दोन्हींकडे न बघता मी नुसत्या शब्दाकडे बघत बसले. ती पुस्तिका अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून सांगते, भाववाचक नामापाशी अडलीस की एक पायरी खाली उतर, विशेषणाकडे ये. आजीला समोर बसव आणि वाक्य मोठ्यानं म्हण. ‘एस सेन्सिया’ म्हणजे बाई साधी, आव न आणणारी. ‘एस सिंप्ले’ म्हणजे बाईला फारसं कळत नाही. हेच ‘सिंप्ले’ कारकुनाच्या आधी ठेवलंस तर नुसता कारकून, मागे ठेवलंस तर बावळट कारकून. हे तुला दुसऱ्या वर्षी शिकवलंय, विसरलीस कशी?

आणि ‘सेन्सियो’ नीट ऐक. तो ‘एकेक’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलाय. स्पेनच्या रेल्वे खिडकीवर ‘बियेते सेन्सियो’ म्हणजे फक्त जाण्याचं, एकेरी तिकीट. पेरूमध्ये दुकानदार ‘सेन्सियो’ मागतो तेव्हा त्याला सुटे पैसे हवे असतात. एकेरी! आपण म्हणतो ना, आत एक बाहेर एक असं नाही? तुझी आजी तशी असेल तर सेन्सियेस तिचाच आहे.

पण थांब, लगेच लिहू नकोस. पाचवा शब्द तू पाहिलाच नाहीस : यानेसा. ‘यानो’ म्हणजे सपाट, मैदानासारखं. सर्वांतेसच्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात बाहुल्यांच्या खेळाची गोष्ट सांगणारा पोरगा शब्दांचे मनोरे चढवायला लागतो, तेव्हा खेळवाला त्याला हाच शब्द ओरडून सांगतो. बोलण्यात, वागण्यात उंचसखल नाही, मोठ्याशी आणि धाकट्याशी सारखंच, तो यानेसा.

मारिया मोलिनेर या स्पेनमधल्या ग्रंथपाल बाई घरी बसून पंधराएक वर्षं स्पॅनिश शब्दांचा वापर टिपत राहिल्या. त्यांचा कोश १९६६-६७मध्ये दोन खंडांत आला. तो उघड, जरूर उघड. पण तुझी आजी त्यात सापडणार नाही. ती तुलाच माहीत आहे, आणि लेखात तू तिच्याबद्दल फक्त ‘साधी’ एवढंच लिहिलंयस. राग येतो तो याचा.

तेव्हा शब्द पाठवू नकोस. एवढंच कळव : तलाठी घरी आला की आजी कपाटातली वेगळी कपबशी काढायची, की गड्याला दिलेल्या कपासारख्याच कपात त्यालाही चहा द्यायची?

तुझी,
मॅडम