सगळी मुंबई एकच गट निघाली तेव्हा

मुलुंड, मुंबई

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचला. 'ज्याच्या गाठीभेटी जास्त, त्याच्याकडे निरोप द्यावा' हा तुझा नियम. तिथेच अडकलो.

टॉवर बंद पडले तर फोनवरून फोनवर, माणसांच्या खिशातून निरोप कसा जाईल, हा आपला प्रश्न. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. २००० साली व्हॅदॅट आणि बेकर यांनी भेटेल त्याला प्रत द्या, साथ पसरते तसं, असं सुचवलं. निरोप पोचतो, पण बॅटरी आणि मेमरीचा बळी जातो. २००८ च्या 'बबल रॅप' पद्धतीने गट, म्हणजे एकमेकांना वारंवार भेटणारी माणसं, पाहिले: आधी साऱ्या जाळ्यात वजन, म्हणजे महत्त्व, असलेल्याकडे चढत जायचं, आणि घेणाऱ्याच्या गटात शिरलं की त्या गटातल्या वजनदाराकडे.

पण गट ओळखायचा कसा? सकाळी दादरच्या पुलावर ब्लूटूथ चालू कर. फोनांची रीघ दिसेल, त्यातलं ओळखीचं कुणीच नाही. माझ्या पहिल्या कामात मी अशी प्रत्येक भेट नातं म्हणून मोजली. भेटींचं जाळं इतकं दाट झालं, की सगळी मुंबई एकच गट निघाली! गाईड हसले, मी मात्र दोन महिने गमावले. म्हणून नुसती संख्या नको. भेट किती वेळ टिकली, पुन्हा कधी झाली, ते धर. तुझ्या ८:१२ च्या डब्यात जी तुझ्यासाठी जागा धरते, ती रोज पाऊण तास सोबत असते. तिने गाडी बदलली तर त्या जुन्या नात्याचं वजन हळूहळू ओसरायला हवं. 'प्रॉफेट' पद्धतीत ही सोय आहे, ती बघ.

आणि त्याच गटात एखादी गप्प बसणारी असते, दर रविवारी विरारला माहेरी जाणारी. तुझ्या नियमाने तिला कुणी निरोप देणार नाही. विरारला मात्र तोच एक रस्ता. डेली आणि हाऽर यांच्या २००७ च्या 'सिमबेट' पद्धतीत अशा, दोन गट जोडणाऱ्या दुव्याच्या माणसांना वजन दिलंय.

शिवाय वजनदाराच्या फोनची बॅटरी संध्याकाळी किती उरते, याचा आलेख मसुद्यात नाही. तो काढ. शनिवारी घरी येशील तेव्हा पुलावरचे आकडेही आण.

तुझा,
सर