आधी डोंगर, मग झेंडू

तुझं तैलचित्र दोनदा पाहिलं. झेंडू छान उतरलाय, पण मागचा दौलताबादचा किल्ला त्याच्याइतकाच ठसठशीत झालाय, म्हणून फुलं पुढे येत नाहीत.

पुढच्या वेळी मागचा देखावा आधी रंगव, रंग टर्पेंटाइनने (तैलरंग पातळ करायचं द्रावण) पातळ करून. जवसाचं तेल फुलांच्या वरच्या थरांसाठी राख. तेलकट थरावर टर्पेंटाइनचा पातळ थर दिलास तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो. लांबचा डोंगर आपण सवयीने तपकिरी रंगवतो. उन्हाळ्यात दुपारी नीट बघ, तो धुरकट निळसर-करडा असतो. त्यासाठी अल्ट्रामरीन (गडद निळा), किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पांढरा. आणि रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने कडा पुसट कर. काळ्या मातीला काळी ट्यूब नको, अल्ट्रामरीन नि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) पुरे.

आणि उजेड! फुलांवर तो डावीकडून येतोय, किल्ल्यावर ऊन उजवीकडून. हे खटकतंच.

झेंडूच्या पाकळ्या मोजत बसू नकोस. आधी फुलाचा गोळा, मग सावलीची बाजू, शेवटी उजेडातल्या पाच-सहा पाकळ्या जाड रंगाने. त्यांच्यावर मात्र जीव लाव. गुलाब असतील तर सकाळीच बस, आपल्याकडच्या एप्रिलात दुपारपर्यंत ते माना टाकतात.

खिडकी उघडी ठेव. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नकोस, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळव.