राजा बदलला, रुपया बदलला

प्रश्न : आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया सापडला. सराफ म्हणाले, 'हा डुकराचा रुपया, जपून ठेवा.' म्हणजे काय?

सराफांचा सल्ला अगदी योग्य आहे. सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी पंचम जॉर्जची छाप रुपयावर आली. डोक्यावर मुकुट, अंगावर नक्षीदार झगा आणि झग्यावर मानाच्या साखळीतला एक इवलासा हत्ती. या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांना डुक्कर निषिद्ध, त्यामुळे नाराजी उसळली. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांतले जेमतेम ७ लाख बाजारात आले होते. उरलेले वितळवले गेले. १९१२ च्या साच्यात हत्तीला ठसठशीत सोंड मिळाली.

१९११ आणि १९१२ चे रुपये शेजारी ठेवून भिंगातून पाहा, फरक लगेच कळेल. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. मात्र नाणं फार झिजलं असेल तर हत्तीच पुसट होतो, आणि या रुपयाची सगळी किंमत त्या हत्तीत आहे.

प्रश्न : सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही. ही साच्याची चूक आहे का?

नाही. त्याचे सगळेच रुपये बोडक्या डोक्याचे आहेत. मुकुट हवा असेल तर १९०७ पासूनचा नागमोडी कडेचा एक आणा पाहा.

प्रश्न : आठव्या एडवर्डचा १९३६ चा रुपया विकत मिळतोय. घ्यावा का?

घेऊ नका. त्याने ११ डिसेंबर १९३६ ला गादी सोडली, वर्षही पुरं झालं नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या छापेचा रुपया चलनात आलाच नाही. कच्छ संस्थानाच्या 'कोरी' या नाण्यावर मात्र त्याचं नाव आहे, चेहरा नाही. चारशे कोरी चाळल्यावर अशी एखादी हाती आली तरी मी हरखून जातो. इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी केलेली नमुना नाणी मोजकीच आहेत. दर राजागणिक चेहऱ्याची दिशा बदलायची, हा तिथला जुना रिवाज. यानं तो मोडून वडिलांसारखंच, म्हणजे पंचम जॉर्जसारखंच, डावीकडे तोंड ठेवायला लावलं, कारण ती बाजू त्याला स्वतःची चांगली वाटे.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाआधी राणीछाप रुपये चिंचेने घासतो. चालेल ना?

कृपा करून घासू नका. चिंचेने चकाकी येते, पण शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक जाते, आणि जाणकार आधी तीच पाहतो. कोमट पाण्यातून काढून मऊ सुती कापडाने नुसते टिपा. माळेसाठी कडी डागलेले रुपये असतील तर तेही तसेच राहू द्या. कडी काढायला गेलात की काठावर कायमचा व्रण उरतो.