कतारमधून सुटीवर घरी यायचं तर कंपनीचं एक्झिट परमिट लागतं का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. परमिट, म्हणजे देश सोडायची मालकाची परवानगी, निघाल्याशिवाय विमानतळावरून परत पाठवतील असं कंपनीचा मंदूब (सरकारी कागदपत्रांची कामं बघणारा माणूस) म्हणतो, आणि तुमचा पासपोर्टही कंपनीनेच ठेवून घेतलाय. पहिली बहुतेकांच्या बाबतीत खरी नाही. दुसरी सरळ बेकायदा आहे, फक्त एका कागदाची अडचण असू शकते, ते पुढे सांगतो.

2018 च्या 13 क्रमांकाच्या कायद्याने लेबर लॉखाली येणाऱ्या कामगारांचं एक्झिट परमिट त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बंद झालं. जानेवारी 2020 मध्ये ही मोकळीक घरकामगार, सरकारी नोकर, तेल-वायू आणि शेती क्षेत्रातल्या लोकांनाही मिळाली. सैन्यदलातले कर्मचारी त्यातून वगळलेत. घरकामगाराने निघण्याच्या किमान 72 तास आधी मालकाला कळवायचं असतं. कळवायचं, परवानगी मागायची नाही.

बाकीच्यांसाठी अपवाद एकच. कामाच्या स्वरूपामुळे कंपनीला जास्तीत जास्त 5 टक्के लोकांसाठी परवानगीची अट ठेवता येते, पण त्यांची नावं कारणासह आधी कामगार मंत्रालयाला देऊन मंजूर करून घ्यावी लागतात. मंदूबाने तोंडी सांगितलं म्हणून कोणी त्या यादीत जात नाही. काहीही कारण सांगून अडवलं तर एक्झिट ग्रीव्हन्स कमिटीकडे, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या सरकारी समितीकडे, अर्ज करा. तिने कामाच्या तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

मग विमानतळावर लोक अडकतात ते कशाने? बहुतेक वेळा ट्रॅव्हल बॅनमुळे: थकलेलं बँकेचं कर्ज, न वटलेला चेक, कोर्टात किंवा पोलिसांत चालू असलेली केस. किंवा मालकाने 'पळून गेला' अशी तक्रार टाकलेली असते. म्हणून तिकीट काढण्याआधी मेट्राश या कतार सरकारच्या ॲपवर आपल्या नावावर काही आहे का ते पाहा. काउंटरवर कळलं तर तिकिटाचे पैसे गेलेच समजा.

परमिट लागत नाही म्हणजे रजा मंजूर झाली, असं मात्र धरू नका. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. योग्य कारणाशिवाय सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर लेबर लॉच्या 61 व्या कलमाखाली कंपनी नोटीस न देता, ग्रॅच्युइटीही न देता काढू शकते. तेव्हा रजा लेखी घ्या, निदान ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर तारखांसकट होकार घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या सिमवरचा फोन उद्या परत द्यावा लागला तर पुरावा त्याच्याबरोबर जातो.

पासपोर्टचं असं आहे. 2015 च्या 21 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे रेसिडेन्सीचं काम झालं की मालकाने तो परत द्यायचा. नाही दिला तर 25,000 रियालपर्यंत दंड. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली असेल तरच तो ठेवता येतो. गोम नेमकी इथे आहे: रुजू होताना सह्या घेतलेल्या गठ्ठ्यात हा संमतीचा कागद बऱ्याचदा अरबीत असतो. अशी सही झाली असेल तरी बिघडत नाही, मागितल्याबरोबर पासपोर्ट द्यावाच लागतो. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, कंपनीच्या नाही. मागणी लेखीच करा.

कायमचं परतायचं असेल तर हिशोब वेगळा. दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर नोटीस एक महिना, त्याहून जास्त असेल तर दोन महिने. नोटीस न देता निघालात तर तितक्या काळाचा मूळ पगार भरावा लागू शकतो आणि वर्षभर कतारचं नवं वर्क परमिट मिळत नाही. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार, एक वर्ष पुरं झालं असेल तरच. मूळ पगार 1,800 रियाल असेल तर दिवसाला 60, तीन आठवड्यांचे 1,260, चार वर्षांचे 5,040. भत्ते यात धरत नाहीत, म्हणून करारात 'बेसिक' किती लिहिलंय ते आधी बघा. परतीचं तिकीट कंपनीचं.

पैसे हातात येईपर्यंत 'सर्व देणी मिळाली' अशा कागदावर सही करू नका. मग कोणी कितीही घाई करो. तक्रार लेबर खात्यात जाते, तिथे न मिटल्यास वाद निवारण समितीकडे. मुदत नोकरी संपल्यापासून एक वर्ष. कंपनी बधत नसेल तर दोह्यातल्या भारतीय दूतावासात जा, किंवा भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. ती भारतातून घरचेही टाकू शकतात.

आणि सौदीतल्या मित्राचा अनुभव इथे लावू नका. तिकडे बाहेर पडून परतायला एक्झिट-रीएंट्री व्हिसा आजही लागतो. 14 मार्च 2021 पासून कामगाराला तो अबशर या सौदी सरकारच्या ॲपवर स्वतः काढता येतो इतकंच, आणि घरकामगार, ड्रायव्हर वगैरे त्या सवलतीत नाहीत.