जंगली टर्की खरंच तीस पौंडांचा असतो का? शिकाऱ्यांना मिळणाऱ्या टर्कीचं वजन साधारण किती भरतं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने एप्रिलमध्ये ‘तीस पौंडांचा टर्की’ मारल्याचं सांगितलं, फोनवर फोटोही दाखवला, आणि आता हे खरं मानायचं की थाप, ते तुम्हाला कळत नाहीये.

आधी आकडे देतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जातीचा पूर्ण वाढलेला नर बहुतेक वेळा १७ ते २२ पौंडांच्या मध्ये भरतो, म्हणजे पावणेआठ ते दहा किलो. २५ पौंडांचा मिळाला तर माणूस वर्षभर त्याच्याबद्दल बोलतो. ३० पौंडांचा अशक्य नाही, पण मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, इथले टर्की खाऊनपिऊन सुखी असतात, आणि तरीही काट्यावर तीस दाखवणारा पक्षी मी आजवर पाहिलेला नाही.

सहकाऱ्याला लगेच थापाड्या ठरवू नका मात्र. त्याने बहुधा पक्ष्याचं वजन केलेलंच नसेल. पाय धरून उचलला, हात भरून आला, आणि तोंडातून आकडा निघाला. हे मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण माझंही तेच झालं होतं.

माझा पहिला टर्की मी व्हर्नन काउंटीत मारला. शेजारी राहणारे एक निवृत्त डेअरी शेतकरी आजोबा मला त्यांच्या भावाच्या शेतावर घेऊन गेले होते. पहाटे साडेचारला ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. आजोबांनी लाकडी डबीवर फळी घासून मादीचा आवाज काढला आणि डोंगराच्या पलीकडून उत्तर आलं. पुढे तासभर तो नर नुसता बोलत राहिला, येईना. आला तेव्हा पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत, लग्नात नवरदेव घोड्यावरून येतो त्या थाटात आला. टर्कीला छातीत मारत नाहीत, छर्रे डोक्यावर आणि मानेवर बसले पाहिजेत. ते बसले. आजोबांनी पक्षी पायांना धरून उचलला, एकदोनदा खालीवर केला आणि निकाल दिला: “पंचवीस. एखादा पौंड इकडेतिकडे.”

मग तो खांद्यावर टाकून मी चढ चढलो. इथे मेलेला टर्की नारिंगी कापडात गुंडाळून न्यायची पद्धत आहे, नाहीतर झाडीतून हलणारी पिसं बघून दुसरा कोणी शिकारी बंदूक रोखायचा. अर्ध्या चढावर मला कोणी वजन विचारलं असतं तर मी चाळीस सांगितलं असतं. खाली गावात पशुखाद्याच्या दुकानात टांगता काटा होता. त्यावर पक्षी लटकवला, काटा साडेएकोणीसवर थांबला. आजोबा काट्याकडे संशयाने बघायला लागले. “जुना झालाय,” म्हणाले. दुकानदाराने काही न बोलता ५० पौंडांचं खाद्याचं पोतं त्याच काट्याला अडकवलं. बरोब्बर पन्नास. आजोबा गाडीत जाऊन बसले.

डोळा फसतो तो पिसांमुळे. टर्कीच्या अंगावर पाच-सहा हजार पिसं असतात आणि नर फुलला की दुप्पट दिसतो. पिसं उपटलेला टर्की पहिल्यांदा बघणाऱ्याचा हमखास विरस होतो. फोटोचं तर बोलूच नका. पक्षी पुढे धरायचा, आपण चार फूट मागे बसायचं, ही युक्ती मासे पकडणाऱ्यांनी सगळ्या जगाला शिकवून ठेवली आहे.

आता वजन कशाकशावर ठरतं ते सांगतो, कारण ‘सरासरी’ या शब्दाखाली इथे बराच घोळ दडलेला असतो. मादी ८ ते ११ पौंडांची असते. आदल्या उन्हाळ्यात जन्मलेला वर्षाचा नर, ज्याला इथे ‘जेक’ म्हणतात, तो १२ ते १६ पौंडांचा. वसंतातल्या हंगामात आमच्याकडे फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो (दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा केसांसारख्या पिसांचा झुपका, काही माद्यांनाही ती असते, तो भाग वेगळा), त्यामुळे तेव्हाची वजनं मोठी दिसतात. शरद ऋतूत नर-मादी दोन्ही चालतात, त्यात त्याच वर्षीची पिल्लंही असतात, आणि आकडा एकदम खाली येतो. तेव्हा कोणी सरासरी सांगितली तर हंगाम कुठला ते आधी विचारावं.

वसंतातही आठवड्या-आठवड्याला फरक पडतो, आणि मला या सगळ्यात सर्वांत गमतीशीर वाटते ती हीच गोष्ट. विणीच्या हंगामाच्या तोंडावर मोठ्या नराच्या छातीवर, कातडीखाली, चरबीचा एक जाड, मऊ थर जमा होतो. शिकारी त्याला स्पंज म्हणतात. मग हंगाम सुरू झाला की हा गडी दिवसभर नाचतो, ओरडतो, इतर नरांशी भांडतो, आणि खायला त्याला फारसा वेळच नसतो. त्या थरावरच तो जगतो. एप्रिलच्या मध्यावर मारलेल्या पक्ष्याची छाती सोलताना हात तुपात बुडवल्यासारखे होतात. मेच्या शेवटी त्याच टेकडीवरचा नर सोलाल तर तो थर जवळजवळ संपलेला असतो. तोच पक्षी महिन्याभरात दोनेक पौंडांनी हलका झालेला असू शकतो. वर गळ्याखालची पिशवी मक्याने भरलेली आहे की रिकामी, हा फरक वेगळाच.

मक्यावरून आठवलं. विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला हिमनद्या पोचल्या नव्हत्या, म्हणून तिथे अजून खडे डोंगर आणि अरुंद दऱ्या शिल्लक आहेत. उतारावर ओक, तळाला मका आणि गाईंचे गोठे. ओकची फळं आणि कापणीनंतर शेतात सांडलेला मका, टर्कीला आणखी काय पाहिजे? पण एवढं सगळं असूनही या राज्यात जवळपास शंभर वर्षं एकही जंगली टर्की नव्हता. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांत शेवटचा १८८१ च्या सुमारास संपला. १९७६ साली मिसूरी राज्याने पकडलेले जंगली टर्की व्हर्नन काउंटीत आणून सोडले, आणि बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राऊस जातीचे पक्षी दिले. सरळ अदलाबदल, धान्याला धान्य. १९८३ मध्ये पहिला वसंत हंगाम उघडला. माझ्या आजोबा-शेजाऱ्यांनी टर्की पहिल्यांदा पाहिला तो चाळिशीला टेकल्यावर. म्हणून त्यांच्या तोंडून पंचवीसचा आकडा निघाला तर मी तो मनावर घेत नाही.

दुसऱ्या भागांत गणित बदलतं. जंगली टर्कीच्या अमेरिकेत पाच उपजाती धरतात. सगळ्यात पसरलेली पूर्वेकडची, टेक्सासच्या बाजूची रिओ ग्रांडे, पश्चिमेच्या डोंगरांतली मेरियम, ॲरिझोना आणि मेक्सिकोतली उंच पायांची गोल्ड, आणि फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडणारी ऑसिओला. ऑसिओलाचा नर वीस पौंडांपर्यंत क्वचितच पोचतो, पण त्याच्यासाठी लोक हजारो मैलांवरून जातात, ते त्याच्या पायांच्या काट्यांसाठी.

आणि खरी मेख इथे आहे. वजनावरून टर्कीचं वय कळत नाही. दोन वर्षांचा नर आणि पाच वर्षांचा नर काट्यावर सारखेच भरू शकतात, कधी तरणाच जड निघतो. वय बघायचं तर वजनकाटा सोडून पायाचा काटा बघावा. नराच्या पायाला मागच्या बाजूने जो शिंगासारखा काटा असतो, तो जेकला अर्ध्या इंचापेक्षा कमी, नुसती गाठच असते. दोन वर्षांच्याला अर्धा ते पाऊण इंच, थोडा जास्त. इंचाच्या पुढे गेला, टोकदार होऊन वर वळला, की समजायचं म्हातारा आहे आणि त्याने माझ्यासारखे बरेच जण घरी रिकाम्या हाताने पाठवलेले आहेत.

नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन नावाची संस्था आहे, १९७३ मध्ये स्थापन झालेली, साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डची. ती शिकारीच्या विक्रमांची वही ठेवते. तिचा हिशेब असा: वजनाचे जेवढे पौंड तेवढे गुण, त्यात दाढीच्या लांबीचे इंच गुणिले दोन, आणि दोन्ही पायांच्या काट्यांची लांबी एकत्र करून गुणिले दहा. माझ्या पक्ष्याचं करून दाखवतो. वजन १९.५, दाढी ९ इंच म्हणजे १८, काटे पाऊण-पाऊण इंच म्हणजे १५. एकूण ५२.५. आता फ्लोरिडातला एखादा १७ पौंडांचा किडकिडीत म्हातारा घ्या, दाढी १० इंच, काटे दीड-दीड इंच: १७ अधिक २० अधिक ३०, झाले ६७. माझ्यापेक्षा अडीच पौंडांनी हलका आणि साडेचौदा गुणांनी पुढे. त्यामुळे जुने शिकारी पक्षी हातात घेतला की आधी पाय उलटा करून बघतात. वजन विचारतात ते नवखे, आणि आपल्यासारखे ऑफिसातले लोक.

याच वहीत सर्वांत जड जंगली टर्की म्हणून नोंद आहे ती ३७.६ पौंडांची, केंटकी राज्यातली, २०१५ ची. म्हणजे १७ किलो. तुमच्या सहकाऱ्याचा दावा अगदीच आकाशातून पडलेला नाही, एवढं यावरून म्हणता येईल. पण देशभर दरवर्षी लाखांनी टर्की मारले जातात आणि त्यातून असा एखादाच निघतो, हेही लक्षात घ्या. शेतघराच्या आसपास मिळालेला फारच जड पक्षी असेल तर मला आधी दुसरीच शंका येते: पाळीव रक्त मिसळलेलं असणार.

कारण पाळीव टर्की हे वेगळंच प्रकरण आहे. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर जो असतो तो रुंद छातीचा पांढरा टर्की, त्याचे नर ३५-४० पौंडांपर्यंत सहज वाढवतात. १९८९ साली लंडनच्या एका स्पर्धेत साफ केलेला टर्की ८६ पौंड भरला होता, ३९ किलो! पण त्याला उडता येत नाही, धड पळताही येत नाही. आमचा वीस पौंडांचा जंगली नर संध्याकाळी धाडकन उडून ओकच्या शेंड्यावर झोपायला जातो. आपल्याकडच्या पक्ष्यांशी ताडून बघायचं तर तो मोराच्या दुप्पट जड, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाच्या मोठ्या नरापेक्षा हलका.

मोर म्हटल्यावर एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. टर्कीची मोगल दरबाराशी ओळख झाली ती गोव्यामार्गे. १६१२ साली जहांगीरने मुकर्रबखानाला गोव्याला पाठवलं, त्याने पोर्तुगिजांकडून जे दुर्मीळ पशुपक्षी आणले त्यांत टर्कीही होता. बादशहाने लिहून ठेवलंय की हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, आणि डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्रही काढलं. रंगाचं वर्णन इतकं अचूक, की आजही हंगामात आम्हाला लाल, पांढरं, निळं काही घालू नका असं बजावतात. नराच्या डोक्याचे हेच तीन रंग आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गफलत होऊ शकते. पण आकाराच्या बाबतीत बादशहाही नजरेवरच गेला. काट्यावर ठेवला नाही तो नाहीच.

पातेल्यात किती पडतं, हेही सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. माझ्या साडेएकोणीस पौंडांतून आतडी-बितडी काढल्यावर दोनेक पौंड कमी झाले. पिसं, डोकं, पाय, हाडं गेली. बिनहाडाची छाती भरली पाच पौंडांना थोडी कमी, आणि तंगड्या हाडांसकट साडेतीनच्या आसपास. छाती इथले लोक पीठ लावून तळतात, ती छान लागते. तंगड्या बरेच जण टाकून देतात, कारण त्यांत सुतळीसारख्या शिरा असतात आणि ओव्हनमध्ये त्या काही केल्या शिजत नाहीत. मी कोल्हापूरचा. कुकरला आठ शिट्ट्या दिल्या, मांस सोडवून घेतलं आणि त्याच पाण्यात तांबडा रस्सा केला. आजोबांनी तीन वाट्या प्यायला. डोळ्यांतून पाणी काढत मला म्हणाले, पक्षी पंचवीसचाच होता.

तर सहकाऱ्याला दोन प्रश्न विचारा. एक, काटा कुठला होता? बाथरूममधला असेल, स्वतः पक्षी घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं अशा पद्धतीने, तर दोन-चार पौंड सोडून द्या. दोन, पायाचे काटे किती लांब होते? त्याला हे तोंडपाठ असेल, तर पक्षी तीसचा नसला तरी माणूस खरा शिकारी आहे. तसं निघालं तर पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्याबरोबर जा. पहाटे तीनला उठावं लागेल.