खांबावरचा डबा आणि त्यामागची तार

सार्वजनिक वायफायबद्दल गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सात निवडून त्यांना इथे उत्तरं देतो आहे. मी वीस वर्षं याच कामात आहे: खड्ड्यातून फायबर ओढण्यापासून खांबावरचं यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत सगळं केलं आहे. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या बागेत 'मोफत वायफाय' असा फलक आहे. सुरुवातीला नेट छान मिळायचं. आता फोनवर नाव दिसतं, पण जोडणी होत नाही. चौकशी केली तर "कंत्राट संपलं" एवढंच सांगतात. इतका खर्च करून या योजना अशा का मरतात?
*— निवृत्त शिक्षक, पुणे*

सर, तुमच्या शहराने हा प्रयत्न एकदा नव्हे, दोनदा केला आहे. २००६ च्या सुमारास पुणे महापालिकेने इंटेलला बरोबर घेऊन 'अनवायर पुणे' ही योजना हाती घेतली होती. अख्ख्या शहरावर बिनतारी इंटरनेटचं छत्र धरायचं, असा बेत होता. ते छत्र शहरभर कधी पसरलं नाही. मग २०१८ मध्ये स्मार्ट सिटीच्या निमित्ताने गूगल, रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) वगैरेंच्या साथीने दीडशेच्या आसपास ठिकाणी वायफाय सुरू झालं. त्याच्या आधल्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबईत राज्य सरकारने ५०० ठिकाणी वायफाय सुरू केलं आणि १ मेपर्यंत १२०० चं लक्ष्य जाहीर केलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २००४ मध्ये १३५ चौरस मैलांच्या सगळ्या शहरात वायफाय देण्याची घोषणा केली, तेव्हा जगभरच्या महापालिकांनी तिकडे डोळे लावले होते. अर्थलिंक या कंपनीने स्वतःच्या पैशाने जाळं उभारायचं, महापालिकेने फक्त दिव्याचे खांब द्यायचे आणि लोकांनी महिन्याला २० डॉलर भरायचे, असा करार झाला. गरीब कुटुंबांसाठी दर निम्मा ठेवला होता. २००८ मध्ये कंपनी निघून गेली. वर्गणीदार जेमतेम सहा हजार झाले होते. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या योजना तर त्याआधीच, २००७ मध्ये बारगळल्या.

कारणं मात्र सगळीकडे तीच निघतात. वायफायच्या लहरी अशक्त असतात. कायद्याने त्यांची ताकद मर्यादित ठेवलेली असते, आणि विटांची भिंत किंवा पावसात भिजलेलं दाट झाड आडवं आलं की त्या थकतात. फिलाडेल्फियात रस्त्यावर नेट मिळायचं, घरात शिरल्यावर जायचं. मग दर चौरस मैलाला ठरवली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रं लावावी लागली आणि हिशेब कोलमडला. आपल्याकडे आणखी एक अडचण होती. उघड्यावर विनापरवाना वापरण्यासाठी ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा बराचसा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मुक्त झाला. तोवर खांबावरच्या यंत्रांना २.४ गिगाहर्ट्‌झच्या गर्दीतच वाट काढावी लागे, आणि त्याच गर्दीत आसपासच्या प्रत्येक घराचा राउटर असे.

पण खरं दुखणं वेगळं आहे. लोकांना खांबावरचा डबा दिसतो आणि उद्‌घाटनही त्याचंच होतं. डबा हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे. त्याच्या मागे जी तार लागते, तिचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं. तार कंत्राटदाराची असेल तर कंत्राट संपल्या दिवशी तीही जाते. तुमच्या बागेत फोनला नाव दिसतं पण जोडणी होत नाही, याचा अर्थ बहुधा हाच: डब्याला वीज मिळते आहे, मागची तार मेली आहे.

उलट उदाहरण रेल्वेचं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर गूगल आणि रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं आणि पुढच्या अडीच वर्षांत ४०० स्थानकांवर पोचलं. २०२० मध्ये गूगलने या कामातून अंग काढून घेतलं. तरी सेवा बंद पडली नाही. उलट सहा हजारांहून जास्त स्थानकांवर गेली. कारण रुळांच्या कडेने गेलेलं फायबर रेलटेलचं स्वतःचं होतं. भागीदार गेला, तार राहिली.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करते. मित्र म्हणतात, आता डेटा इतका स्वस्त आहे की सार्वजनिक वायफाय ही जुनी गोष्ट झाली. माझा रोजचा दीड जीबी मात्र दुपारीच संपतो. मी चुकीचं वापरते आहे का?
*— विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे*

तुझं काही चुकत नाहीये. मित्र म्हणतात त्यातही तथ्य आहे. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ पर्यंत तोच भाव बारा रुपयांच्या खाली उतरला. शहरांच्या मोफत वायफाय योजनांच्या पायाखालची वाळू त्या दोन वर्षांत सरकली. चौकात उभं राहून ओटीपीची वाट पाहण्यापेक्षा लोक खिशातला डेटा वापरू लागले, आणि ते साहजिकच होतं.

पण स्वस्त म्हणजे पुरेसा नव्हे. तासाभराचं व्याख्यान चांगल्या दर्जात पाहिलं तर अर्धा ते एक जीबी सहज जातो. दिवसाला तीन व्याख्यानं, शिवाय सराव चाचण्या आणि चालू घडामोडींच्या पीडीएफ. घरून महिन्याला ठरावीक पैसे येतात. त्यात खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवायची. अशा वेळी वरचा प्रत्येक डेटा पॅक म्हणजे एक वेळचं जेवण असतं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. पेठेतल्या एका अभ्यासिकेत जोडणी बसवायला गेलो होतो. पहिल्याच तासात मुलांनी काय उतरवून घेतलं ते मी पाहिलं: इतिहास, भूगोल आणि राज्यघटनेची व्याख्यानं.

म्हणून माझं म्हणणं असं की वायफाय चौकातून उचलून लोक जिथे तासन्‌तास बसतात तिथे न्यावं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी ग्रंथालयं उभी राहिली. आजही अकरा हजारांहून जास्त ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात. तिथे छप्पर आहे, वीज आहे, टेबल-खुर्ची आहे आणि कुलूप लावणारा माणूस आहे. वायफायला आणखी काय हवं असतं? एक बरी जोडणी आणि दोन यंत्रं. तोवर तुला एवढंच सुचवतो: अभ्यासिकेत वायफाय असेल तर रात्री किंवा पहाटे, गर्दी नसताना, दुसऱ्या दिवसाची व्याख्यानं उतरवून ठेवत जा.

प्रश्न : दर दिवाळीत ठाण्याला आई-बाबांकडे येतो. रेल्वे स्टेशनवर किंवा विमानतळावर वायफाय दिसतं, पण ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. जर्मनीत कॅफेत बसलो की नुसतं बटण दाबून नेट मिळतं. आपल्याकडेच हा हट्ट का?
*— एक वाचक, म्युनिक*

या नियमाची मुळं तुमच्या ठाण्यापासून खाडीपलीकडे, सानपाड्यात आहेत. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका सदनिकेतून गेल्याचं आढळलं. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचं वायफाय कुणीतरी बाहेरून वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय असंच वापरलं गेलं. ज्यांचं वायफाय होतं त्यांच्या मागे चौकशी लागली आणि खरा माणूस पसार राहिला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवर आलेल्या संकेतांकाने.

तेव्हा हट्ट निष्कारण नाही. तरी आज परदेशी पाहुण्याला, परगावच्या वारकऱ्याला, किंवा ज्याच्या सिमचा रिचार्ज संपला आहे त्याला हा नियम दारातच अडवतो, आणि नेटची गरज नेमकी अशांनाच जास्त असते. पासपोर्ट दाखवून खिडकीवर संकेतांक देण्याची सोय प्रत्येक मोठ्या स्थानकावर असायला हवी. तुम्ही घरच्यांचा नंबर टाकून लॉगिन करू नका. त्या जोडणीवर जे होईल त्याचा माग त्यांच्या नावापर्यंत येतो. येताना सिम घ्या, नाहीतर भावा-बहिणीच्या फोनचा हॉटस्पॉट वापरा.

प्रश्न : एसटी स्टँडवरच्या वायफायवरून गूगल पे, फोन पे केलं तर पैसे जातील का? मुलगा म्हणतो, अजिबात करू नको.
*— गृहिणी, नाशिक*

ताई, मुलाची काळजी बरोबर आहे, पण भीती थोडी जुनी आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बऱ्याच संकेतस्थळांवरची माहिती उघडीच जायची, आणि त्याच वायफायवर बसलेला माणूस ती वाचू शकायचा. आज बँकेचं आणि यूपीआयचं ॲप सगळं कुलूपबंद करून पाठवतं. तुमचा पिन फोनमधून बाहेर पडण्याआधीच सांकेतिक होतो.

धोका असतो तो वायफायला जोडताना. स्टँडच्या नावासारखंच नाव देऊन कुणीही आपल्या फोनवरून वायफाय उघडू शकतो. जोडल्यावर समोर येणारं पान मोबाइल नंबर आणि ओटीपीपलीकडे काही मागत असेल, म्हणजे कार्डाचा नंबर, यूपीआय पिन, ईमेलचा पासवर्ड, किंवा "हे ॲप उतरवा" म्हणत असेल, तर तिथेच थांबा. तो ओटीपीचा मेसेजही पूर्ण वाचा. त्यात बँकेचं नाव दिसलं तर तो वायफायसाठी नाही. आणि पैसे पाठवायला डेटा लागतो इतका थोडा, की तेवढ्या वेळापुरतं वायफाय बंद करून मोबाइलचं नेट वापरलं तर मुलगाही निश्चिंत राहील.

प्रश्न : सोसायटीसमोरच्या खांबावर वायफायचं यंत्र बसवलं आहे. लहान मुलं खाली खेळतात. किरणांचा त्रास होईल का?
*— एक आजोबा, डोंबिवली*

नाही. या यंत्रांच्या लहरी अँटेनासह चार वॅटच्या मर्यादेत असतात आणि अंतरागणिक झपाट्याने क्षीण होतात. पंधरा-वीस फूट खाली खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोचतात त्या अगदी नगण्य. खांबाला उघडी वायर लोंबत असेल तर मात्र आजच तक्रार करा.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. समोर हायस्कूल, बाजूला बसथांबा. 'पीएम-वाणी'खाली दुकानदार वायफाय विकू शकतो असं ऐकलं. परवाना लागतो का? परवडतं का?
*— दुकानदार, कोल्हापूर जिल्हा*

परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी नाही. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेचा गाभाच तो आहे. पूर्वी एसटीडी-पीसीओ चालायचे, तसा हा डेटाचा पीसीओ. तुम्हाला लागेल एक चांगली इंटरनेट जोडणी, योजनेला चालणारा राउटर आणि एक मधली कंपनी, जी गिऱ्हाइकांचं लॉगिन आणि हिशेब सांभाळेल. ओळख पटवण्याची किचकट जबाबदारी तिच्याकडे. तुम्ही पाच-दहा रुपयांची कुपनं विकायची.

परवडतं का, हा प्रश्न इतकी वर्षं अडला तो जोडणीच्या दरावर. दुकानातून वायफाय विकणार म्हटलं की कंपन्या घरगुती दराने जोडणी द्यायला तयार नसत, महागडी लीज लाइन, म्हणजे व्यवसायासाठीची स्वतंत्र जोडणी, घ्या म्हणत. म्हणूनच २०२२ पर्यंत देशात एक कोटी वायफाय ठिकाणं करण्याचं सरकारी धोरण असूनही २०२४ च्या मध्यात पीएम-वाणीचा आकडा दोन लाखांच्या थोडाच वर होता. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. जोडणी मागताना या आदेशाचा उल्लेख करा.

तरी निव्वळ वायफायवर कमाई होईल, असं मी सांगणार नाही. गिऱ्हाईक बसथांब्यावर थांबतं, दहा रुपयांचं कुपन घेतं, जाताना बिस्किटाचा पुडा घेतं. फायदा असा येतो. पहिले सहा महिने जोडणीचं बिल सुटलं तरी चांगलं समजा. आणि इन्व्हर्टरशिवाय सुरू करू नका, कारण लाइट गेल्यावरच शेजारच्यांना तुमच्या नेटची आठवण होईल.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेला सार्वजनिक वायफायसाठी निधी मिळण्याची शक्यता आहे. मी समितीवर आहे. निविदेत काय पाहावं?
*— नगरसेविका, विदर्भ*

मॅडम, पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न सहसा उद्‌घाटनानंतर विचारला जातो.

पहिल्यांदा नगरपालिकेला स्वतःला नेट कुठे लागतं ते लिहून काढा: कार्यालय, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सीसीटीव्ही. त्या सगळ्यांना जोडणारं फायबर नगरपालिकेच्या मालकीचं होईल असं पाहा. रस्ता पाण्याच्या लाइनसाठी खोदलाच जाणार असेल तर त्याच खड्ड्यात रिकामा पाइप टाकून ठेवा. खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणं यातच बहुतेक पैसा जातो. मिनियापोलिस या अमेरिकन शहराने फिलाडेल्फियाच्याच काळात वायफाय केलं. पण महापालिकेने स्वतःच पहिलं मोठं गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं आणि दहा वर्षं, दरवर्षी साडेबारा लाख डॉलरची सेवा विकत घ्यायचा करार केला. कंपनीला खात्रीचं उत्पन्न मिळालं आणि जाळं टिकलं. १ ऑगस्ट २००७ ला तिथला महामार्गावरचा मोठा पूल नदीत कोसळला, तेव्हा अर्धवट उभारलेलं ते जाळं बचावकार्याला उपयोगी पडलं.

दुसरं, पैसे यंत्र बसवल्याचे देऊ नका, चालू राहिल्याचे द्या. दर महिन्याला किती तास सेवा सुरू होती त्यावर बिल, आणि ते मोजणारं यंत्र नगरपालिकेच्या ताब्यात. देखभालीचा निदान पाच वर्षांचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा. शंभर चौकांऐवजी दहा जागा निवडा: ग्रंथालय, सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण खिडकी, एसटी स्टँड, मुलींचं वसतिगृह.

तिसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. एका शहरात आम्ही चाळीस यंत्रं दिव्याच्या खांबांवर बसवली. संध्याकाळी चाचणी झाली, सगळी उत्तम चालली, कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही चालेना. दिव्यांच्या त्या लाइनला वीज फक्त रात्री सोडली जात होती, आणि हे ना आराखडा करणाऱ्यांनी विचारलं होतं, ना मी. वेगळी लाइन ओढायला सात महिने गेले. तोवर पावसाळा येऊन अकरा यंत्रांत पाणी शिरलं होतं. तेव्हा प्रत्येक खांबाला दिवसा वीज आहे का, मीटर कोणाच्या नावावर आहे आणि बिल कोण भरणार, हे तीन रकाने निविदेच्या परिशिष्टात घाला, आणि विद्युत विभागाच्या माणसाला सोबत घेऊन जागेवर जाऊन ते भरा.

मसुदा तयार झाला की माझ्याकडे पाठवा. वाचून आठवड्याभरात टिपणं देईन.