व्हीपीएस घ्यावा का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं ऑनलाइन दुकान वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर आहे, होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट). गर्दीच्या वेळी ‘५०८ रिसोर्स लिमिट’ असा एरर येतो. व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या मशीनमधल्या आपल्यापुरत्या वेगळ्या आभासी सर्व्हरवर, गेलो तर सुटका होईल का?

उत्तर : होईलही, पण आधी कुठली मर्यादा भरते ते बघा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘रिसोर्स युसेज’ असं पान असतं. तिथे सीपीयू, मेमरी आणि ‘एन्ट्री प्रोसेस’ यांचे आलेख दिसतात. ५०८ येतो तेव्हा बहुतेक वेळा एन्ट्री प्रोसेस संपलेले असतात, म्हणजे एकाच वेळी चालू असलेल्या पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) विनंत्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेल्या असतात. आता ॲक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) उघडा. बहुतांश विनंत्या वस्तूंच्या पानांसाठी असतील, किंवा एखादा बॉट साइट उपसत असेल, तर पेज कॅशिंग (तयार पान साठवून तेच पुन्हा देणं) आणि त्या बॉटला बंदी एवढ्यानेच भागेल. कार्ट आणि चेकआउटची पानं मात्र कॅश करता येत नाहीत, कारण ती प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी बनतात. भार त्यांच्यावरच येत असेल, तर व्हीपीएसवर केलेला खर्च कामी येईल.

प्रश्न : दोन कंपन्यांच्या योजना कागदावर सारख्याच आहेत : २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम. किमतीत मात्र दुपटीचा फरक. स्वस्त का घेऊ नये?

उत्तर : व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरचा अख्खा गाभा नव्हे. सहसा तो एका हार्डवेअर थ्रेडवरचा हक्क असतो, आणि तोच थ्रेड अनेकांना विकलेला असू शकतो. कंपनीने किती जणांना विकला, हे योजनेच्या पानावर लिहिलेलं नसतं. पण मोजता येतं. सर्व्हरवर ‘टॉप’ कमांड चालवा आणि वरच्या सीपीयूच्या ओळीत शेवटचा ‘एसटी’ हा आकडा पाहा. हा स्टील टाइम : तुमच्या सर्व्हरकडे काम होतं, पण प्रोसेसर शेजाऱ्याच्या कामात अडकला होता, असा वेळ. शून्य-एक टक्का चालतो. गर्दीच्या वेळी तो सतत १०च्या वर राहत असेल तर तुमच्या बाजूने कितीही ट्यूनिंग केलं तरी उपयोग नाही. मशीन बदलून मागा किंवा कंपनी सोडा. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, पहिला महिना मोजण्यात घालवा.

दुसरं, व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनचे अनेक सर्व्हर करण्याची पद्धत, कोणतं ते विचारा. केव्हीएम या पद्धतीत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तुमचा स्वतःचा असतो. ओपनव्हीझेडसारख्या कंटेनर पद्धतीत तो यजमान मशीनचा, सगळ्यांचा मिळून एकच. कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचे जादा भाग) लागणाऱ्या गोष्टी तिथे अडतात. आमचं मत : केव्हीएमच घ्या.

प्रश्न : २ जीबी रॅमचा व्हीपीएस घेतला. साइट मधूनच ‘डेटाबेस कनेक्शन’चा एरर देते, रीबूट केलं की चालते. रॅम वाढवावी का?

उत्तर : आधी हिशेब करा. ‘डीमेसेज’ कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि पुढे मायएसक्यूएल या डेटाबेसचं नाव दिसेल. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा करतो, आणि सर्वात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस सहसा डेटाबेस असते. त्यामुळे बळी डेटाबेसचा जातो, पण खरा दोष बहुधा पीएचपीचा असतो.

२०४८ एमबीतून ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेबसर्व्हरसाठी ३५०, डेटाबेससाठी ६०० बाजूला काढा. उरले साधारण ११००. वूकॉमर्सची एक पीएचपी प्रोसेस ७० एमबी खात असेल (तुमच्याकडची ‘पीएस’ कमांडने मोजा, प्लगइनगणिक आकडा फिरतो) तर १५ प्रोसेस मावतात. थोडी मोकळीक ठेवून पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) यात ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे प्रोसेसची कमाल संख्या, १२ करा. कुठल्याशा लेखातून ५० उचललं असेल तर ३५०० एमबीची मागणी होणार, कोसळणं ठरलेलंच. १२वर गर्दी झाली तर पुढच्या विनंत्या रांगेत थांबतील, साइट मंदावेल, पण डेटाबेस जिवंत राहील. शिवाय १ ते २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा. अनेक व्हीपीएसवर ती मुळात नसतेच. एवढं करूनही ‘मॅक्स चिल्ड्रन’ची मर्यादा गाठल्याची नोंद एफपीएमच्या लॉगमध्ये रोज दिसत असेल, तर मग खुशाल ४ जीबी घ्या.

प्रश्न : अनमॅनेज्ड, म्हणजे देखभाल आपणच करायचा, व्हीपीएस घेतला तर अंगावर काय पडतं?

उत्तर : सगळं. पहिल्या दिवशीच एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सोय) की टाका, पासवर्डने लॉगिन बंद करा, फायरवॉलमध्ये फक्त २२ (एसएसएच), ८० आणि ४४३ (वेबसाइट) हे पोर्ट उघडे ठेवा, सुरक्षा-अपडेट आपोआप होतील असं करा. एसएसएचचा नियम आधी घाला आणि मगच फायरवॉल सुरू करा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल आणि पॅनेलमधल्या कन्सोलवरून आत यावं लागेल. जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीत लॉगिन तपासा.

दोन जागी हमखास फसगत होते. उबंटूवर एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलीत पासवर्ड बंद केला तरी क्लाउड-इनिट (नवा सर्व्हर पहिल्यांदा मांडून देणारा प्रोग्राम) याची छोटी फाइल आधी वाचली जाते आणि तिचंच चालतं. म्हणून ‘एसएसएचडी’ला कॅपिटल टी हा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग पाहा. आणि डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या उबंटूच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जगाला दिसतो. डेटाबेसचा कंटेनर असेल तर पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे त्याच सर्व्हरपुरता, बांधा.

पुढे दरमहा काही तास कर्नल-अपडेटनंतरचं रीबूट, डिस्क भरवणारे लॉग, सर्टिफिकेटचं नूतनीकरण यांत जातात. या तासांचं मोल धरून मॅनेज्ड (देखभाल कंपनीच करते अशा) योजनेशी तुलना करा. नुसत्या भाड्याची तुलना फसवी आहे.

प्रश्न : कंपनी रोज स्नॅपशॉट (सर्व्हरच्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेते. वेगळा बॅकअप लागतो?

उत्तर : लागतो. स्नॅपशॉट त्याच कंपनीकडे, कधी त्याच इमारतीत असतो. मार्च २०२१मध्ये स्ट्रासबुर्गच्या ओव्हीएच डेटासेंटरला आग लागली तेव्हा काही ग्राहकांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही गेले. डेटाबेसचा रोजचा डंप, म्हणजे फाइलीत उतरवलेली प्रत (टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह), आणि अपलोडचा फोल्डर दुसऱ्या कंपनीकडे पाठवा. तीन महिन्यांतून एकदा तो रिकाम्या व्हीपीएसवर प्रत्यक्ष उतरवून बघा.

प्रश्न : ईमेलही त्याच सर्व्हरवर चालवावा का?

उत्तर : नको. अनेक कंपन्या मेल पाठवण्याचा, बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच ठेवतात. उघडा मिळाला तरी रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावावे लागतात, आणि तुमच्या आयपीवर आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवलेला असेल तर तेही तुम्हीच निस्तरायचं. ऑर्डरच्या पावत्या एखाद्या मेल-सेवेच्या एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरवरून पाठवा.